लिहिताना अडलं तर: नायिका बदलते कधी आणि प्रेमात हरवते कधी

पंधरा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिणाऱ्यांकडून या सदरासाठी प्रश्न मागवले होते. पत्रं बहुतेक पुण्यातली आणि आसपासची आहेत. जवळपास सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडली आहे: प्रेमाचा धागा सुरू झाला की उरलेली कादंबरी लंगडायला लागते. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरं मात्र गरजेप्रमाणे लांबली किंवा आटोपली आहेत.

माझी नायिका मृणाल कोल्हापूरहून अकरावीसाठी पुण्यात मावशीकडे येते. सुरुवातीला बुजरी, शेवटी धीट. चोवीस प्रकरणं झाली. वाचून पाहणाऱ्या तिघींनीही एकच सांगितलं, 'बदलते, पण पटत नाही.' कुठे चुकतंय? (कर्वेनगर)

आधी एक साधी तपासणी करा. वहीत प्रकरणागणिक एक ओळ लिहायची: या प्रकरणात मृणालनं काय ठरवलं आणि त्यापायी तिला काय मोजावं लागलं. 'तिला वाटलं', 'तिला उमगलं', 'तिच्या लक्षात आलं' यांना ठरवणं धरायचं नाही. चोवीस ओळी झाल्या की कोऱ्या राहिलेल्या ओळी मोजा. पाठोपाठ तीनपेक्षा जास्त कोऱ्या असतील तर दुखणं तिथे आहे. अशा हस्तलिखितांत ही कोरी पट्टी बहुधा मधे, नवव्या-दहाव्या प्रकरणापासून पुढे सापडते, आणि मुलगा नेमका तिथेच आलेला असतो. मग तो सुचवतो, तो घेऊन जातो, तो समजावतो आणि नायिका त्याच्याकडे बघत राहते. बाविसाव्या प्रकरणात ती एकदम स्टेजवर उभी राहून खणखणीत बोलते, तेव्हा वाचणाऱ्या मुलींना कळतं की हे भाषण लेखिकेनं लिहून दिलंय.

दुरुस्ती अशी. एकाच जातीचा प्रसंग तिच्यासमोर तीनदा आणा. पहिल्यांदा ती टाळते आणि टाळल्याचा तिला फायदा होतो. हा फायदा लिहायला नवे लेखक हमखास विसरतात. गप्प बसून काहीच पदरात पडत नसेल तर माणूस गप्प बसेल कशाला? दुसऱ्यांदा ती धाडस करते, पण चुकीच्या कारणासाठी, आणि ते अंगाशी येतं. त्यानंतर एक पाऊल मागे, म्हणजे पहिल्यापेक्षाही जास्त मिटून घेणं. तिसऱ्यांदा ती किंमत माहीत असून करते.

तुमच्या बाबतीत हा प्रसंग शोधायला लांब जायला नको. मुलगी कोल्हापूरची आहे. तिकडे पुष्कळ मुली 'मी आलो', 'मी जेवलो' असं सहज म्हणतात. तुमची मृणाल मात्र पहिल्या पानापासून पुणेरी 'आले-गेले' करते. हातातलं सोनं असं टाकून कसं चालेल? दुसऱ्या प्रकरणात हे घालून बघा:

*'सर, आत येऊ? बस चुकली म्हणून डेपोतच थांबलो होतो.'*
*मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, 'थांबलो होतो!' दोन बाकं हसली. सर फळ्याकडे वळले होते. मृणाल बसली. बसताना बॅग खाली ठेवायची राहिली, ती तास संपेपर्यंत मांडीवरच होती.*

आता फायदा. त्या दिवसापासून ती स्वतःबद्दल बोलताना क्रियापदाचं लिंगच चुकवते. 'जेवलीस का?' याला 'हो, जेवण झालं.' 'कधी आलीस?' याला 'आत्ताच येणं झालं.' कुणी हसत नाही. पळवाट चालते. हे लिहिताना व्याकरणाकडे लक्ष हवं: 'मी पुस्तक वाचलं', 'मी डबा आणला' अशा सकर्मक भूतकाळात बोलणाऱ्याचं लिंग दिसतच नाही, त्यामुळे तिथे तिला लपायची गरज नाही. अडचण येते ती थांबणं, भांडणं, येणं, जाणं, रडणं या क्रियापदांशी, 'जेवणं', 'विसरणं', 'शिकणं' अशा मोजक्या अपवादांशी आणि वर्तमानकाळातल्या 'करतो-करते'शी. प्रसंग निवडताना हीच क्रियापदं वापरा, म्हणजे ताण आपोआप येईल.

आठव्या प्रकरणाच्या सुमाराला ती काळजीपूर्वक 'मी आले' म्हणायला शिकते. रात्री आईशी फोनवर बोलताना तोंडातून 'आत्ताच आले' निघतं. पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग आई विचारते, 'कोण बोलतंय?' यापुढे स्पष्टीकरणाचं एक वाक्यही नको. प्रकरण तिथेच थांबवा.

आणि आता मुलगा. तुमचा ओंकार देखणा आहे, गिटार वाजवतो, नोट्स देतो. यातलं काहीही मृणालच्या प्रश्नाला चिकटत नाही. त्याला वेगळं काम द्या. 'तुझं सगळं झालं-झालंच का असतं गं? तू स्वतः काही करत नाहीस का?' असं विचारणारा तो पहिला असू दे. बाकी कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट त्यानं टिपली म्हणून ती त्याच्याकडे ओढली जाते, आणि त्यानंच टिपली म्हणून घाबरतेसुद्धा. त्याला तिचं 'आलो' गोड वाटतं. त्याला आवडतं म्हणून ती त्याच्यासमोर तसं बोलू लागते. इथे वाचकाला वाटेल की मुलगी सुटली. ती सुटलेली नाही. तिनं फक्त हसणाऱ्यांच्या जागी आवडून घेणारा आणलाय. मग एका वाढदिवसाला आठ-दहा जणांत ओंकार म्हणतो, 'ए, बोल ना तुझ्या त्या भाषेत!' त्यात वाईट हेतू अजिबात नाही. तीही बोलते, सगळे टाळ्या वाजवतात. हा तुमचा दुसरा प्रसंग, अंगाशी आलेला. घरी जाताना ती पीएमपी बसच्या खिडकीशी बसून काय विचार करते ते लिहू नका. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा 'येणं झालं'वर आलेली दाखवा, आणि या वेळी ओंकारशी बोलतानाही.

तिसरा प्रसंग तुम्ही रचा. एकच अट आहे. तिथे तिला 'हो, मी भांडलो' असं म्हणावं लागेल, ऐकणाऱ्यांतला एक जण हसेल, आणि ती वाक्य पुरं करेल. ओंकार त्या खोलीत नसला तर उत्तम.

पहिली भेट गोड हवी आहे. धक्का लागून वह्या पडणं आता फार झालं. दुसरं काय? (सिंहगड रस्ता)

पहिल्या भेटीवर इतकी मेहनत नका करू. रोज भेटायला कारण काय, हा खरा प्रश्न आहे. वह्या पाडून मुलं एकदा भेटतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटायला त्यांना पुन्हा वह्या पाडाव्या लागतील.

आधी नायक-नायिकेची शाखा ठरवा. अकरावी-बारावी सायन्सची बरीच मुलं 'इंटिग्रेटेड'मध्ये असतात, म्हणजे दिवसभर क्लासला आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरती. त्यांना तुम्ही रोज कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसवलंत तर वाचणारी मुलं पहिल्याच पानावर हसतील. त्यांच्यासाठी क्लासबाहेरचा वडापाव, दोन लेक्चरमधली वीस मिनिटं, नाहीतर सदाशिव पेठेतली अभ्यासिका. अभ्यासिका लेखकाला फार उपयोगी आहे, कारण तिथे बोलायला बंदी. जागा ठरलेली, समोरच्याची फक्त पाठ किंवा कोपर दिसणार, चार्जर मागायचा तर चिठ्ठी सरकवायची. पंधरा दिवस आवाज न ऐकता ओळख होते. मग जिन्यात पहिल्यांदा आवाज ऐकू येतो आणि तो कल्पनेतल्यापेक्षा वेगळा असतो.

कॉमर्स-आर्ट्सची मुलं असतील तर ढोल-ताशा पथक बघा. गणपतीच्या साधारण दोन महिने आधी सराव सुरू होतो, संध्याकाळी, बऱ्याच पथकांचा नदीकाठी. ढोल कमरेला बांधायचा, एका हातात टिपरू, दुसऱ्या हातानं थापी. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात. पावसाळी हवेत चामड्याचं पान उतरतं, मग दोऱ्या ओढून ढोल पुन्हा चढवायचा, आणि ते एकट्यानं करण्यापेक्षा दोघांनी केलेलं बरं. कथेला लागणारं सगळं इथे आयतं मिळतं: रोजची वेळ, हाताला काम, आणि आवाज इतका की बोलणं अशक्य, म्हणजे खुणा करण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय मुदत ठरलेली आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत लांबणारी विसर्जन मिरवणूक आटोपली की सराव संपला, भेटायचं निमित्तही संपलं. आता भेटायचं तर दोघांपैकी एकाला तसं उघड म्हणावं लागणार. हा निर्णय नायिकेला घेऊ द्या.

हिशेब म्हणून सांगायचं तर, कुणी मनातलं बोलून दाखवण्याआधी वाचकासमोर किमान पाच-सहा भेटी झालेल्या हव्यात. प्रत्येक भेटीत समोरच्याबद्दल एक नवी गोष्ट कळली पाहिजे, आणि त्यातल्या एका भेटीत आधीचा समज खोटा ठरला पाहिजे. ज्या भेटीत यांतलं काहीच घडत नाही, ती काढून टाका. कितीही सुंदर पाऊस पडत असला तरी.

प्रकाशक म्हणतात दोन मुलं आणि एक मुलगी असा त्रिकोण घाला, खपतो. घालू का? (औंध)

त्या दोन मुलांमुळे तिच्यापुढे दोन वेगळी आयुष्यं उभी राहत असतील तर घाला. एक सावळा आणि एक गोरा, एक खोडकर आणि एक शांत, एवढ्यावर त्रिकोण उभा राहत नाही. पारख सोपी आहे: दोघांपैकी एकाची सगळी वाक्यं काढून ती मैत्रिणीच्या तोंडी द्या. कथेचं काही बिघडलं नाही तर तो मुलगा नकोच होता. आणि मैत्रीण वाढल्यानं कादंबरीचं भलंच होईल, कारण प्रेम सुरू झाल्यावर नायिकेची जिवलग मैत्रीण प्रकरणंच्या प्रकरणं गायब होते, हा या प्रकारातला सगळ्यात नेहमीचा दोष आहे. सोळाव्या वर्षी मैत्रीण दुखावणं हे प्रेमभंगाएवढंच मोठं असतं. कधी कधी जास्तच.

आजच्या मुलांची भाषा कशी लिहू? 'ब्रो', 'यार', चॅट, इमोजी... किती घ्यावं? (पिंपरी)

चलनातले शब्द मिठासारखे घ्या. या वर्षी जोरात असलेला शब्द पुस्तक छापून येईपर्यंत शिळा होतो, आणि कुमार वाचकाइतका निर्दय परीक्षक दुसरा नाही. 'यार', 'अरे', 'अगं', 'च्यायला' टिकाऊ आहेत. बाकीचे एका पात्राला वाटून द्या, म्हणजे ती त्या पात्राची लकब ठरेल.

यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे हाका. इंग्रजी कादंबऱ्या वाचून लिहिणाऱ्यांच्या हातून ती निसटते. मोठ्यांच्या प्रेमकथेत 'अहो'वरून 'अरे'वर येणं हा टप्पा असतो. मुलं पहिल्या मिनिटापासून एकमेकांना 'तू'च म्हणतात, तेव्हा तो टप्पा त्यांच्याकडे नाही. त्यांच्याकडे आडनाव आहे. 'ए कुलकर्ण्या', 'पाटला, पेन दे', 'जोश्या मेल्या'. वर्षभर जिला सगळ्यांसारखं आडनावानं हाक मारली, तिला एक दिवस जिन्यात नुसत्या नावानं हाक मारली गेली, तर दोघंही थबकतील. त्यासाठी आधीच्या शंभर पानांत ते नाव नायकाच्या तोंडी एकदाही आलेलं नसलं पाहिजे. लिहून झाल्यावर संगणकावर ते नाव शोधा आणि त्याच्या संवादांतून निपटून काढा. आणि भांडण झालं की तो पुन्हा आडनावावर जाईल. 'तो रागावला होता' हे वाक्य तुम्हाला लिहावंच लागणार नाही.

चॅटबद्दल तीन गोष्टी. मुलं रोमन लिपीत मराठी टाइप करतात, पण पुस्तकात ते देवनागरीतच छापा, नाहीतर डोळा अडखळतो. एका वेळी आठ-दहा ओळींपेक्षा जास्त चॅट नको. आणि त्यात माहिती भरू नका. चॅटमध्ये कथा घडते ती न पाठवलेल्या मजकुरात: 'टायपिंग' दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं आणि शेवटी येतो एक अंगठा. निळ्या खुणा दिसून दोन तास उत्तर नाही, याची धास्ती वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

किती शब्दांची असावी? (हडपसर)

पस्तीस ते पंचेचाळीस हजार. डेमी आकाराच्या पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात, म्हणजे एकशेचाळीस ते एकशेऐंशी पानं. साठ हजारांच्या वर गेलात तर बहुधा आई-वडिलांचं उपकथानक फुगलेलं असतं.

मी शिक्षिका आहे. कादंबरीतली मुलं सोळा-सतराची. जवळीक कुठवर दाखवावी? शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक जावं अशीही इच्छा आहे. (चिंचवड)

अठरा वर्षांखालच्या पात्रांचे शारीरिक प्रसंग लिहायचे नाहीत, हे आमचं स्पष्ट मत आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिनं दिलेली संमती कायदा धरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बमध्ये बालकांचं अश्लील चित्रण करणाऱ्या मजकुराचाही उल्लेख आहे, तेव्हा ई-बुक काढणाऱ्यांनी तर डोळे उघडे ठेवावेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी कथेचंही नुकसान काही नाही. या वयातल्या कथेत हात हातात येण्याआधीची अर्धी वीत हीच सगळ्यात लांब असते. टेकडीवरून उतरताना त्यानं पुढे केलेला हात तिनं धरला की शेजारचा दगड धरला, एवढ्यावर एक प्रकरण चालतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याहून मोठी चूक नकाराच्या प्रसंगात होते. मुलगी 'नाही' म्हणते, मुलगा क्लासबाहेर थांबतो, मैत्रिणीकडून नंबर मिळवतो, सोसायटीच्या गेटवर उभा राहतो आणि शेवटी ती विरघळते. हिंदी-मराठी सिनेमांनी हे इतकं रुजवलंय की चांगले लेखकही नकळत लिहून जातात. मुलीनं स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्या मागे मागे जाणं, पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. वाचणारा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि नकारानंतर काय करायचं हे त्याला दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही. म्हणून नकार लहान आणि स्पष्ट लिहा, दोन-तीन वाक्यांत. त्यानंतरची पानं मुलाला द्या. तो लाजेनं रस्ता बदलतो, मित्रांसमोर खोटं हसतो, ग्रुपमधून बाहेर पडतो, मग पुन्हा येतो. मुलाच्या पात्राला वाढायला इतकी चांगली जागा दुसरी मिळणार नाही.

वयाचा विषय निघालाच आहे तर दुचाकीचंही बघा. अकरावीतला नायक नायिकेला मागे बसवून खडकवासल्याला नेतो, हे जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात आहे. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. रस्त्यावरच्या नेहमीच्या स्कूटर ११० सीसी किंवा त्याहून मोठ्या, म्हणजे त्या चालवायला अठरा पूर्ण हवीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. याचा अर्थ नायकाला स्कूटर देऊच नका असा नाही. दिलीत तर त्याचे परिणाम घ्या: चौकात पकडला गेला, बाबांना चौकीत यावं लागलं, आणि मागे कोण बसलं होतं ते दोन्ही घरांत कळलं. फुकट जाणारा सहलीचा प्रसंग कथेचा सांधा बनतो. हे नको असेल तर ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॅटपर्यंतची विजेवरची स्कूटर आहे, तिला परवाना लागत नाही. टेकडीच्या चढावर ती दमते, हेही लिहायला मजेचं आहे.

माझं वय ४८. डोक्यातलं कॉलेज १९९५चं आहे, वाचक मात्र आजचे. कथा आजच्या काळात न्यावी का? (नारायण पेठ)

नका नेऊ. आजच्या काळाचा नुसता मुलामा दिलेली १९९५ची कथा लगेच ओळखू येते: मुलांच्या हातात मोबाइल असतो, पण ती वागतात मात्र पत्र लिहिणाऱ्यांसारखी. सरळ १९९५मध्येच लिहा आणि तपशील पक्के करा. बस पीएमटीची. पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी होती, दोन्ही मिळून पीएमपीएमएल झाली ती २००७मध्ये. विद्यापीठ नुसतं 'पुणे विद्यापीठ', सावित्रीबाई फुले यांचं नाव २०१४मध्ये लागलं. मेट्रोचं उद्घाटन मार्च २०२२चं, तेव्हा कर्वे रस्त्यावर डोक्यावरून काहीही जात नाही. मोबाइल सेवा देशात १९९५मध्येच सुरू झाली, पण आलेल्या फोनचेही पैसे पडत, कॉलेजच्या पोराच्या हातात तो नकोच. सोळाव्या वर्षी लुना चालवायला हरकत नाही, ती ५० सीसीपर्यंतचीच.

आणि फोन दिवाणखान्यात. हा एकच तपशील तुमची अर्धी कादंबरी लिहून देईल. तो कॉइन बॉक्सवरून फोन करतो, वडील उचलतात, तो ठेवतो. ब्लँक कॉल. तिसऱ्या ब्लँक कॉलनंतर वडील पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतात, 'आता तूच उचल.' त्यांना किती माहीत आहे, हे ना तिला कळतं, ना वाचकाला. आजच्या वाचकाला हा काळ परका वाटेल ही भीती सोडा. घरात सगळ्यांसमोर एकच फोन असणं त्याला पुराणातल्या शापाइतकं थरारक वाटेल.

एक धोका मात्र आहे. 'आमच्या वेळी' हा सूर. निवेदक सतरा वर्षांची असेल तर तिला पुढे मोबाइल येणार आहेत हे माहीत नाही. 'तेव्हा कुठे होते व्हॉट्सअ‍ॅप!' असं एक वाक्य निसटलं तरी निवेदक क्षणात अठ्ठेचाळीस वर्षांची होते.

शेवटी दोघांनी एकत्र असावं का? मैत्रिणी म्हणतात हो, मला खोटं वाटतं. (धायरी)

बारावीचा निकाल आणि सीईटी-नीटच्या याद्या लागल्या की एक नागपूरला, एक बंगळूरला, एक इथेच, असं होतंच. तुमचं 'खोटं वाटतं' म्हणूनच बरोबर आहे. पण एकत्र की वेगळे याच्याआधी क्रम बघा. नायिकेचा मोठा निर्णय आणि मुलाचं परत येणं एकाच प्रसंगात असेल तर मुलगा बक्षिसासारखा दिसतो: तू धीट झालीस, हा घे. दोन्हींत किमान एका प्रकरणाचं अंतर ठेवा आणि निर्णय आधी होऊ द्या. तो घेताना मुलगा परत येईल याची तिला खात्री नसली पाहिजे, किंबहुना तो येणार नाही असंच वाटत असलं पाहिजे. यानंतर ते एकत्र आले तरी पटतं, नाही आले तरी पटतं.

वेगळे होणार असतील तर कुणाला तरी वाईट ठरवून सुटका करून घेऊ नका. शेवटच्या तीस पानांत मुलगा अचानक खोटारडा निघतो, ही लेखकाची पळवाट आहे. दोघंही चांगली आहेत आणि गाडी साडेपाचची आहे, एवढं पुरतं. स्टेशनवर सगळं बोलून टाकणारा संवाद नको. डबा नीट बंद केलास का, खालचा बर्थ मिळालाय का, असलं बोलू द्या.

'पाच वर्षांनंतर' असं शेवटचं प्रकरण असेल तर ते वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि महिनाभर बघू नका. उरलेल्या हस्तलिखिताचं शेवटचं पान छापून घ्या, खालचा परिच्छेद हातानं झाका आणि वरचं मोठ्यानं वाचा. त्याच्या आधीच्या ओळीवर तुमच्या नायिकेनं हातानं काही केलेलं असेल, कुलूप लावलेलं, नंबर पुसलेला, ढोलाची दोरी सोडलेली, तर झाकलेला परिच्छेद तसाच झाकलेला ठेवा आणि छापायला द्या.